हादऱ्याच्या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं

मायक्रोस्कोप यायच्या तीन महिने आधी तो बनवणाऱ्या कंपनीने एक चार पानी फॉर्म पाठवला होता. जिथे तो बसवायचा ती जागा कशी आहे, हे त्यात भरून द्यायचं होतं. खोली कितव्या मजल्यावर, एसीचा झोत टेबलावर येतो का, वीज किती वेळा जाते, लिफ्ट किती लांब. तिसऱ्या पानावर प्रश्न होता: जवळपास मोठी प्रेस, हॅमर, रेल्वे, असं जमीन हादरवणारं काही आहे का? मी ‘नाही’ लिहिलं आणि पान उलटलं. खोटं लिहायचं म्हणून लिहिलं नव्हतं. मला खरोखर तसंच वाटत होतं.

आमचं संशोधन केंद्र चाकणच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत आहे. मागच्या कुंपणाला लागून बाभळीचं रान आणि त्यापलीकडे कंपन्यांच्या शेडची पत्र्याची छपरं. आम्ही तिथे त्वचेच्या पेशींवर काम करतो. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाची जखम महिनोन्‌महिने का भरत नाही, हा आमचा प्रश्न. बशीत पेशी वाढवायच्या, त्यांची एकसंध चादर तयार झाली की बारीक टोकाने मधोमध एक ओरखडा काढायचा, आणि दोन्ही काठांच्या पेशी सरकत सरकत तो कसा बुजवतात ते बघायचं. जुन्या मायक्रोस्कोपवर हे बघणं म्हणजे सकाळी एक फोटो आणि संध्याकाळी एक. दर वेळी बशी उबेतून बाहेर काढायची, म्हणजे पेशी गारठणार. सकाळी ओरखडा रुंद दिसायचा, संध्याकाळी अरुंद. मधे काय झालं, कोणती पेशी आधी हलली, कोणती अर्ध्यातून मागे फिरली, कोणती वाटेत मेली, हे कधीच कळायचं नाही.

म्हणून चार वर्षं मी नव्या यंत्राच्या मागे होते. ज्याच्या पोटातच पेशींना ऊब आणि हवा मिळेल, जे दर पाच मिनिटांनी आपोआप फोटो काढेल आणि दोन दोन दिवस बशीला हात लावावा लागणार नाही, असं. संचालकांचं म्हणणं एकच होतं, “मॅडम, एका प्रयोगासाठी एवढं यंत्र नाही घेता येणार. सगळ्यांच्या उपयोगाचं काहीतरी सांगा.” मग मी सगळ्या विभागांत फिरले. वनस्पतीवाल्यांना मुळांची टोकं वाढताना बघायची होती, औषधवाल्यांना त्यांचं औषध पेशीत शिरताना, आणि जंतूंवर काम करणाऱ्या एका बाईंना जंतू पोहताना. प्रत्येकाला लागणारी भिंगं, दिवे, कॅमेरे एका कागदावर आणले. तीन कंपन्यांच्या यंत्रांवर आमच्याच पेशी नेऊन पाहिल्या, गाडीत मांडीवर थर्माकोलचा डबा धरून. शेवटी सगळ्यांची कामं करू शकेल असा एक मायक्रोस्कोप ठरला.

तो पाच खोक्यांतून आला. प्रत्येक खोक्यावर काचेची एक छोटी नळी चिकटवलेली होती. प्रवासात मोठा धक्का बसला तर ती लाल होते. कंपनीच्या इंजिनिअरने आधी त्या नळ्या पाहिल्या. एकही लाल झालेली नव्हती. “छान आलाय,” तो म्हणाला, आणि चार दिवस खाली मान घालून त्याने तो जोडला.

पहिली फिल्म मी सोळा तासांची लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहासुद्धा न घेता ती चालवून पाहिली. पेशी चालत होत्या. काठावरच्या पेशी पुढे हात पसरत होत्या, चाचपडत होत्या, मोकळ्या जागेत पाऊल टाकत होत्या. चार वर्षं जे बघायचं होतं ते समोर होतं. आणि मधेच सगळ्या पेशी एकदम दचकल्या. पुन्हा चालायला लागल्या. पुन्हा दचकल्या.

फिल्म सबंध तशीच होती. काही फोटो पुसट, काही सरकलेले. मी इंजिनिअरला फोन केला. त्याने स्क्रू तपासायला सांगितले, एसीची दिशा बदलायला सांगितली, खोलीत कुणी फिरू नये म्हणाला. दहा दिवस हे चाललं. शेवटी त्याने विचारलं, “मॅडम, फॉर्ममध्ये हादरे नाहीत असं लिहिलंय तुम्ही. नक्की नाहीत ना?”

“नाहीत,” मी म्हणाले.

मग मी सगळ्या फिल्म वारांप्रमाणे शेजारी शेजारी लावल्या. सोमवारची दचकणारी, मंगळवारची दचकणारी, बुधवारचीही. गुरुवारी दिवसभर पेशी शांतपणे चालत होत्या. दोन आठवडे, दोन्ही गुरुवार. बाकीच्या दिवशी दुपारी तीनच्या आसपास थोडा वेळ शांत, आणि जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास. या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला हे वेळापत्रक वाचून दाखवावं लागत नाही. गुरुवार म्हणजे कंपन्यांची सुट्टी. तीन म्हणजे शिफ्ट सुटायची वेळ.

मी दार लावलं, चपला काढल्या आणि मायक्रोस्कोपच्या शेजारी फरशीवर अनवाणी उभी राहिले. आधी काही कळलं नाही. मग टाचांतून हादरा वर आला. ठक. थोडा वेळ काही नाही. ठक.

तो मला ओळखीचा होता.

बाबा पिंपरीतल्या एका फोर्जिंग कंपनीत हॅमरवर होते. लोखंडाचा लालभडक तुकडा साच्यावर ठेवायचा आणि वरून टनावारी वजनाचा घण पाडायचा, की त्याला आकार येतो. त्या कामाला दोन माणसं लागायची. पुढचा माणूस लांब दांड्यांच्या सांडशीने तुकडा साच्यावर धरायचा आणि तो नीट बसला की मान हलवायचा. ती मान बघून बाजूचा माणूस लिव्हर ओढायचा. बाबा लिव्हर ओढणारे. आमच्या दोन खोल्या कंपनीच्या भिंतीला लागून असलेल्या कामगारांच्या ओळीत होत्या. मांडणीवरची भांडी दिवसभर किणकिणायची. नवा पाहुणा आला की दचकायचा आणि आम्ही हसायचो. मला वाटतं, जो हादऱ्यात वाढतो त्याला हादरा कळत नाही, तो थांबला तरच कळतं.

मी नऊ वर्षांची असताना माझा कान सुजला. बाबांची तेव्हा फर्स्ट शिफ्ट होती. मला सकाळी दवाखान्यात नेता यावं म्हणून त्यांनी सेकंड शिफ्टच्या माणसाशी बदली केली. दुपारी तीनला ते कामावर गेले. त्या दिवशी त्यांच्यापुढे सांडशी धरायला आमच्याच ओळीत राहणारे एक काका होते, मराठवाड्यातून आलेले. दोघांनी आधी कधी एकत्र काम केलं नव्हतं. पाचच्या सुमाराला घण क्षणभर आधी पडला, तुकडा साच्यावर बसायच्या आत. अशा वेळी सांडशी उसळून मागे येते. तिच्या दांड्या काकांच्या पोटात बसल्या. रक्त आलं नाही, कुठे कापलं नाही. दिवेलागणीला दवाखान्यात त्यांचा जीव गेला.

त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. पंधरा दिवसांनी दारात टेम्पो आला आणि ती आणि तिची आई गावी निघून गेल्या. टेम्पोत बसताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

बाबांना नंतर स्टोअरमध्ये घेतलं. घरात त्या दिवसाबद्दल कुणी काही बोललं नाही. फक्त एकदा. मी एकोणीस वर्षांची होते, आलेलं स्थळ नको म्हणत होते, पुढे शिकायचंच म्हणून अडून बसले होते. आई चिडून म्हणाली, “तुझ्यापायी सगळ्यांनी किती करायचं? तुझ्या कानापायी शिफ्ट बदलली, त्याचं काय झालं बघितलंस ना?” बाबा शेजारच्या खोलीत होते. त्यांनी ऐकलं असणार. ते बाहेर आले नाहीत. आता त्यांना जाऊनही आठ वर्षं झाली.

मी शिकले, नोकरीला लागले, जखमा कशा भरतात यावर काम करू लागले. कुणी विचारलं तर हा विषय का घेतला याचं मी व्यवस्थित, शास्त्रीय उत्तर देते.

दुसऱ्या दिवशी मी बाभळीच्या रानाला वळसा घालून मागच्या रस्त्याने त्या शेडपाशी गेले. गेटवर नाव सांगितलं, काम सांगितलं. फोर्जिंगचंच युनिट होतं. मॅनेजर सभ्य माणूस होता. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मॅडम, हॅमर तर थांबवता येणार नाही. पण पाया कसा आहे, हादरा किती लांब जातो, ते तुम्हाला आमचे काका सांगतील.” त्याने एका म्हाताऱ्या फिटरला बोलावलं. साठी ओलांडलेला, अंगाने काटक माणूस. रिटायर झाल्यावरही त्यांना कंत्राटावर ठेवलं होतं, कारण हॅमरचं पोट त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

ते मला शेडमध्ये घेऊन गेले. वीस पावलांवर घण पडला आणि मी नकळत मागच्या खांबाला पाठ लावली.

“भ्यालात व्हय?” ते ओरडून म्हणाले. त्या आवाजात ओरडूनच बोलावं लागत होतं.

“नाही. माझे वडील हॅमरवर होते. पिंपरीला.”

“पिंपरीला? कुठल्या कंपनीत?”

मी सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले. “मी बी तितंच हुतो. बंद पडंस्तवर. कोन तुमचे वडील?”

मी नाव सांगितलं. त्यांनी हाताने खूण करून मला बाहेर नेलं. शेडच्या मागे लिंबाखाली सिमेंटचा कट्टा होता. तिथे बसले, टोपी काढली, परत घातली.

“कानाचं दुखणं असलेली पोरगी ती तू का?”

मी मान हलवली.

“तुजे वडील त्या दिवशी सांगत हुते. पोरीला दवाखान्यात न्यायचं हुतं म्हनून बदली केली म्हनाले.” त्यांनी टोपी पुन्हा काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “त्या हॅमरला खोड हुती. हवा सोडायचा वाल अडकायचा. कवाकवा आपसूक दुसरा ठोका मारायचा. सोमवारी फर्स्ट शिफ्टवाल्यांनी मला सांगितलं हुतं. मी म्हनलं, गुरवारी बघू. गुरवारी बंद असतंय, तवा खोलू. आन मंगळवारी ते झालं.”

“म्हणजे घण आपोआप पडला?” मी विचारलं. माझा आवाज मलाच लहान मुलीसारखा वाटला.

“ते मी कसं सांगू पोरी? मी भट्टीकडं तोंड करून हुतो. ठोका ऐकला आन वळलो. सांडशीवाले पोट धरून उभेच हुते. म्हनाले, काय न्हाई, काय न्हाई. मी त्यांना बसवलं. पानी मागितलं, दिलं. तुजे वडील लिव्हरपाशी तसेच. हात लिव्हरवर, सुटंना. मी बोटं एकेक करून सोडवली.”

“आणि चौकशी?”

“चौकशीत तुजे वडील म्हनाले, माझ्या हातनं झालं. सायबांनी दोनदा विचारलं, मशिनमधी काय दोष हुता का. तुज्या वडलांनी मला बघितलं. मी बी बघितलं. मग ते म्हनाले, न्हाई. माझी नोकरी तवा कच्ची हुती, घरात लहान पोरं. त्यांनी वालचं नाव काढलं न्हाई. मी बी काढलं न्हाई.”

“त्यांनी तुम्हाला वाचवलं?”

“आसंल. का त्यांना खरंच वाटत हुतं की आपल्या हातनं झालं, कोनाला ठाव. नंतर आमी कदी बोललो न्हाई. एका कंपनीत एवडी वर्सं काढली. ते स्टोअरच्या खिडकीत, मी सामान न्यायला जायचो. चिठ्ठी द्यायचो, ते सामान द्यायचे.”

मी केंद्रात परत आले तेव्हा मायक्रोस्कोपवर फिल्म चालूच होती. मी खुर्चीत बसून स्क्रीनकडे बघत राहिले. एक पेशी ओरखड्याच्या काठाशी हात पसरून थबकली होती. पाच मिनिटांनी आलेल्या फोटोत ती तिथे नव्हती. कुठे गेली ते शोधायचा मी प्रयत्न केला नाही.

रविवारी मी आईला सगळं सांगितलं. ती माझ्याकडेच असते, पिंपळे गुरवला. ती पोळ्या लाटत होती. फिटरचं, वालचं, चौकशीचं, सगळं ती लाटणं न थांबवता ऐकत होती. मग मी म्हणाले, “आई, तू मला एकदा म्हणाली होतीस. माझ्या कानापायी शिफ्ट बदलली आणि हे झालं.”

तिने लाटणं खाली ठेवलं. “मी? असं कधी म्हणाले मी?”

“स्थळ आलं होतं तेव्हा.”

“नाही गं बाई. असं मी लेकराला म्हणेन का?” तिचे डोळे भरून आले. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या आठवणीत ते वाक्य नव्हतंच. ज्या वाक्याभोवती माझं निम्मं आयुष्य गेलं ते म्हणणाऱ्याला माहीतही नव्हतं. मी म्हटलं, “जाऊ दे, माझाच काहीतरी घोळ झाला असेल.” तव्यावरची पोळी करपली होती. तिने ती बाजूला काढली आणि नंतर स्वतःच्या ताटात वाढून घेतली.

तिने नंतर एकच सांगितलं. त्या वर्षी बाबा झोपेत उजवी मूठ आवळून धरायचे. ती हळूच उघडायला गेली तर जागे व्हायचे. “म्हणून मी उघडायची सोडून दिली,” ती म्हणाली.

संचालकांपुढे मला कबूल करावं लागलं की फॉर्म मी चुकीचा भरला. ते रागावले, आणि ते बरोबरच होतं. “तुम्ही इथल्याच ना? तुम्हाला हे कळलं नाही?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, “इथलीच आहे, म्हणूनच नाही कळलं.” ते त्यांना पटलं नसावं. पण हवेच्या उशांवर तरंगणारं एक जड टेबल मागवायला त्यांनी परवानगी दिली. ते यायला दोन महिने लागले. तोवर मी गुरुवारी काम केलं. एवढं मोठं यंत्र आठवड्यातून एक दिवस चालायचं, आणि बाकीचे दिवस कापड घालून झाकलेलं असायचं. झाकलेल्या यंत्राच्या खोलीत मी उगाच जाऊन उभी राहायचे, चपला काढून. कुणी आलं की पटकन घालायचे.

अशाच एका गुरुवारी फिटरकाका आले. त्यांना सुट्टी होती. स्वच्छ पांढरा शर्ट, हातात पिशवी. “म्हनलं बघावं आमच्यामुळं काय बिघडतंय,” ते म्हणाले. मी त्यांना स्क्रीनसमोर बसवलं आणि एक जुनी फिल्म लावली. पेशी दचकल्या की तेही खुर्चीत थोडे हलायचे. मग शांत दिवसाची लावली. ओरखडा दोन्ही बाजूंनी हळूहळू बुजत गेला.

“ह्या जित्या हायेत?”

“हो, जिवंत आहेत.”

“आन ही गोल झाली ती?”

“ती मेली.”

“मग तिच्या जागंवर?”

“बाकीच्या येतात.”

त्यांनी फिल्म परत लावायला सांगितली. ती शेवटपर्यंत पाहिली. मग पिशवीतून एक जुनी डायरी काढली, एक पान उघडून माझ्यापुढे धरलं. त्यावर एक पत्ता होता. देहूरोडचा. “त्या सांडशीवाल्यांची पोरगी हितंच असती. नवरा तितल्या फॅक्टरीत कामाला हाय. बारा वर्सं झाली मला कळून. दोनदा गेलो. दारापासनं परत आलो.” त्यांनी चष्मा पुसला. “तू जा. तुला जमंल. आन गेलीस तर वालचं सांग. माज्या नावानं सांग.”

मी लगेच गेले नाही. महिना घालवला. टेबल आलं, बसवलं, फिल्म स्वच्छ येऊ लागल्या, आणि मला न जायला कुठलंच कारण उरलं नाही. एका दुपारी मी देहूरोडला उतरले आणि पत्ता विचारत त्या घरापाशी पोचले. दार तिनेच उघडलं. केस पिकायला लागले होते, बाकी चेहरा तोच होता. मी आमच्या ओळीचं नाव सांगितलं आणि बाबांचं. ती दारातून बाजूला झाली. “ये,” म्हणाली.

तिने मेथी निवडायला घेतली होती. मी समोर बसून तिला सगळं सांगितलं. माझा कान, बदललेली शिफ्ट, अडकणारा वाल, फिटरकाकांचं ‘गुरुवारी बघू’, त्यांनी दिलेलं पाणी, चौकशीत बाबांनी दिलेलं उत्तर. हे सांगताना मी तिच्या हातांकडे बघत होते. ते थांबले नाहीत. पानं एका बाजूला, काड्या एका बाजूला.

मी थांबल्यावर ती म्हणाली, “त्या दिवशी दुपारी माझे बाबा झोपले होते. आम्ही बाहेर सागरगोटे खेळत होतो, तर उठून रागावले मला. सगळ्या पोरींच्या देखत. मी म्हटलं, जा बरं तुम्ही एकदाचे कामाला.” तिने एक काडी मोडली. “आईला अजून सांगितलेलं नाही मी. कुणालाच नाही. तू पहिली.”

मला तिला सांगावंसं वाटलं की नऊ वर्षांच्या मुलीच्या तोंडच्या वाक्याने असं काही होत नसतं. पण ते मला स्वतःला कधी सांगता आलं नव्हतं, मग तिला कुठल्या तोंडाने सांगणार? तिनेही मला कानाबद्दल तसं काही म्हटलं नाही. तिने चहा केला. दोघींनी तो पूर्ण प्यायला.

मी निघाले तेव्हा ती फाटकापर्यंत आली. “ते फिटरकाका,” ती म्हणाली, “त्यांनी पाणी दिलं म्हणालीस ना बाबांना?”

“हो. त्यांनीच.”

“गार होतं का?”

“ते मी विचारलं नाही.”

“विचारशील?”

दुसऱ्या दिवशी मी फिटरकाकांना फोन केला. पलीकडे घणाचा आवाज येत होता. ते बाहेर आले असावेत, आवाज कमी झाला. मी विचारलं. ते म्हणाले, “व्हय, गार हुतं. नवा कूलर बसवला हुता त्याच महिन्यात. ग्लास भरून आनला मी. अर्धा प्याले. बाकीचा हातातच धरून बसले.” मग त्यांनी विचारलं, “तिनं विचारलं व्हय?” मी हो म्हटलं. त्यांनी फोन ठेवला नाही. शेवटी मीच ठेवला.

मग मी तिला फोन लावला आणि जसं त्यांनी सांगितलं तसं सांगितलं. गार होतं, नवा कूलर होता, ग्लास भरून आणला होता, अर्धा प्यायले. पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली. तिने गॅस बारीक केल्याचं मला ऐकू आलं.

“अर्धाच?” ती म्हणाली.

“हो. अर्धाच.”

“नेहमीच घाईत असायचे,” ती म्हणाली. “घरीसुद्धा पाणी पुरतं प्यायचे नाहीत.”